हिरवं कर्ज आणि गयाबाईच्या शेळ्या

लहान कर्ज देणाऱ्या संस्थेत फील्ड ऑफिसर झालं की पेन्शन मिळत नाही, किस्से मिळतात! मी रोज पूर्णेहून रेल्वेनं गंगाखेडला जाते आणि तिथून स्कूटीवर गावोगाव फिरते. बायकांच्या गटाची बैठक घ्यायची, कर्जाचे कागद करायचे, एवढंच काम. पण आमच्या हेड ऑफिसनं 'हिरवं कर्ज' नावाची योजना काढली आणि किस्से ठेवायला जागा पुरेना. पर्यावरणाला त्रास देणाऱ्या धंद्याला कर्ज नाही, असा नियम आला. नियम वाईट नाही हो. लिहिणाऱ्यानं एकदा गाव बघायला पाहिजे होतं, एवढंच माझं म्हणणं.

राणीसावरगावजवळच्या एका वस्तीवर आमचा अकरा जणींचा गट आहे. त्यातली गयाबाई दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि सहा महिने घर बंद असतं. यंदा पोरगी दहावीला. नवरा एकटा गेला तर जाऊ दे, आपण पोरीपाशी राहायचं आणि चार शेळ्या घ्यायच्या, असं तिनं ठरवलं. मी अर्ज पाठवला, तो आठ दिवसांत परत आला. शेळी 'लाल यादीत', म्हणजे कर्ज नाकारायच्या धंद्यांत होती. कारण काय, तर शेळी झाडपाला खाते!

"मंग काय तिला वरणभात घालू?" गयाबाई म्हणाली.

*

फॉर्मवर एक प्रश्न होता : 'आपल्या राहणीमानामुळे पर्यावरणाची हानी किती? कमी, मध्यम की जास्त?'

मी तो मोठ्यानं वाचला. गटाच्या अध्यक्ष सखूबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी जरा विचार केला.

"मॅडम, दोन घागरी पाण्यात आमची आंघोळ, धुणं, भांडी व्हतंय. उरलेलं पाणी कारल्याच्या येलाला. ह्याच्यात हानी कुठं हाय ते तुमीच हुडका. आमाला तर अजून घावली न्हाई!"

मी अकराही जणींच्या फॉर्मवर 'कमी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचा फोन. "मॅडम, सगळ्यांचंच कमी कसं येतंय? तुम्ही घरी बसून फॉर्म भरता का?"

*

मग ट्रेनिंग झालं. ब्रँच मॅनेजरनी भलामोठा फ्लेक्स आणला होता. त्यावर लिहिलेलं, 'प्लास्टिक टाळा, धरती वाचवा.' फ्लेक्स अर्थातच प्लास्टिकचा! मॅनेजर तासभर 'वस्तू टाकू नका, पुन्हा वापरा' हेच सांगत होते. बायका माना हलवत होत्या. कार्यक्रम संपला, फोटो झाले, पाहिलं तर फ्लेक्स गायब.

पुढच्या आठवड्यात तो सखूबाईंच्या कडब्याच्या गंजीवर सापडला. चारी कोपऱ्यांना दगड बांधलेले. मॅनेजर चिडले, "अहो, हा ऑफिसचा माल आहे!"

"साहेब, अख्ख्या ट्रेनिंगात एवढी एकच गोष्ट कामाची निघाली. तेवढी तरी राहू द्या की!"

*

नंतर बिनधुराच्या चुली आल्या. गटाला कर्ज हवं तर प्रत्येकीनं चूल घ्यायचीच, अशी अट. दिसायला देखणी, पत्र्याची, आत लाकूड टाकायला इवलंसं तोंड. महिन्यानं बघायला गेले तर सगळ्या चुली जशाच्या तशा, चकचकीत. एकीत कोंबडी अंड्यावर बसलेली.

मी विचारलं, "धूर आवडतो का तुम्हाला?"

गयाबाईनं मला नव्या चुलीपुढं बसवलं. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली, उलटली आणि म्हणाली, "आता ही आरावर लावायची. दाखवा कुठं लावू!" निखाऱ्याशेजारी भाकरी उभी करायला त्या चुलीत जागाच नव्हती. चूल बनवणाऱ्यानं धुराचा सगळा हिशेब केला होता, भाकरीचा केलाच नव्हता. मी रिपोर्टात तसंच लिहिलं आणि बोलणी खाल्ली. परत वेळ आली तर पुन्हा लिहीन.

*

आणि म्हणे ह्या बायकांना पर्यावरण शिकवायचं! सरपणासाठी ओली फांदी तोडायची नाही, हा ह्या गटाचा नियम आमच्या फॉर्मच्या कितीतरी आधीचा. जी तोडेल तिनं पुढच्या बैठकीला सगळ्यांना चहा पाजायचा. सखूबाईंनी स्वतःच्या सुनेलाही सोडलं नव्हतं.

एकदा बैठकीत माश्या फार झाल्या, म्हणून मॅनेजरनी लिंबाची डहाळी मोडली आणि वारा घ्यायला लागले. सगळ्या एकदम सखूबाईंकडं बघायला लागल्या. ते गोंधळले, "काय झालं?"

"काई न्हाई साहेब. येत्या मंगळवारी येताना दोन लिटर दूध आणा!"

आणलं बरं का त्यांनी!

*

दसरा झाला. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गयाबाईच्या दारात दोनदा येऊन गेला. एकदा उचल घेतली की उसाच्या फडावर जावंच लागतं. मी तिचा अर्ज तिसऱ्यांदा पाठवला, तेव्हा हेड ऑफिसचे पर्यावरण सल्लागार स्वतः आले. लाल यादीतल्या धंद्याला मंजुरी द्यायची तर त्यांचीच सही लागते.

गयाबाईनं त्यांना घराशेजारच्या बांधावर लावलेली शेवरी दाखवली. "शेळ्या मोकळ्या सोडायच्याच न्हाईत साहेब. दावणीला बांधून हा पाला घालायचा."

"आज असं म्हणता. उद्या सुटल्या आणि लोकांची झाडं खाल्ली तर? हमी कोण घेणार?"

आमच्याकडं एकीच्या कर्जाला बाकीच्या दहा जणी जामीन असतात. त्यांना हमी म्हणजे काय ते शिकवायला नको. सखूबाई म्हणाल्या, "लिव्हा मॅडम. शेळ्यांनी एक झाड खाल्लं तर आमी दोन लावू." मी लिहिलं. आठ जणींनी खाली सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले.

साहेबांनी तो कागद अर्जाला जोडला आणि अर्ज मिटून फायलीत ठेवला. "वर चर्चा करून महिनाभरात कळवतो."

"तवर मी फडावर असंन," गयाबाई म्हणाली.

एरवी अशा वेळी मी 'सर, चहा घ्या' म्हणून सांभाळून घेते. त्या दिवशी मुद्दाम चहाचं नाव काढलं नाही.

गयाबाई घरात गेली. पोरीच्या वहीतलं एक कोरं पान फाडून आणलं आणि साहेबांपुढं ठेवलं. वर पेन ठेवला.

"शेळ्यांची हमी ह्या धा जणींनी घेतली. आता मी चालले ऊस तोडायला. मागं सा म्हैने माझी पोरगी एकली राहायची. तिची हमी तुमी घ्या साहेब. करा सही."

साहेबांनी पेन उचलला. त्या कोऱ्या पानाकडं बघत राहिले. दारात पोरगी उभी होती, तिच्याकडं एकदा बघितलं.

मग फाईल उघडली आणि अर्जावर सही केली.