खोडरबराचा चुरा

जेवणाच्या टेबलावर आज पुन्हा खोडरबराचा चुरा! परदेशातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून आई सत्तरीत इंग्रजी शिकतेय आणि डोकं माझं खातेय. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं. आज तिला त्याच्या उलट अर्थाचा शब्द हवा होता. मी ‘पर्सिस्ट’ सांगितला. तिने तो चारदा लिहिला, चारदा चुकला, चारदा खोडला. एवढा दम येतो कुठून? माझा गाण्याचा क्लास, सकाळचं फिरणं, सगळं महिन्याभरात बंद पडलेलं. शेवटी मी वैतागून ओरडलेच, "आई, पुरे! सोड ना आता!"

पेन्सिलीला टोक काढत ती शांतपणे म्हणाली, "सोडायचं तुला छान येतं गं. मला त्याच्या उलटं शिकायचंय. हं, सांग. पी, ई, पुढे?"