भिंतीवरचा पेपर

हॉलच्या भिंतीवर पाच फुटी कॅनव्हास शोभेल का, हे बघायची युक्ती दुकानदारानेच सांगितली होती. त्या मापाचे जुने पेपर भिंतीला चिकटवा आणि चार दिवस बघा, म्हणाला. मी आणि मीनलने सोफ्यावर चढून पेपर चिकटवले. पण चित्रावरून आम्हा नवरा-बायकोचं जुळेना. तिला समुद्र हवा, मला नुसतं वाऱ्यावरचं गवत. चार दिवसांचे तीन आठवडे झाले.

तेवढ्यात ते पेपर आप्पांना, माझ्या वडिलांना, सापडले. हल्ली त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही. चहा झाला की ते भिंतीपाशी जातात, चष्मा वर-खाली करतात आणि त्याच बातम्या वाचतात. "अरे, धरणाचे दरवाजे उघडले बघ," रोज मला सांगतात. "कालच सांगितलंत की," असं मी एकदाच म्हणालो. त्यांचा चेहरा इतका ओशाळला, की आता मीही रोज "हो का?" म्हणतो.

रोज बघूनही शिळं होणार नाही असं चित्र दाखवा, असं मी दुकानात मोठ्या ऐटीत म्हणालो होतो. ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

काल मीनल दमून म्हणाली, "गवत तर गवत, पण घेऊन टाक एकदाचं." म्हणून आज सकाळी पेपर काढायला गेलो. एक कोपरा सुटलाही.

मागून आप्पा म्हणाले, "थांब रे, माझा वाचून व्हायचाय."

कोपरा परत चिकटेना. त्यांचं वाचून होईपर्यंत मी तो अंगठ्याने दाबून धरून उभा राहिलो.