विहिरीला पाणी लागल्याचं पत्र

मी गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील, आप्पा, विहिरीतून थेट फाट्यावर आले होते. ईट गावाच्या पलीकडं आमची वस्ती. तिथून परंडा, परंड्याहून कुर्डुवाडी, मग रेल्वेनं दिल्ली आणि दिल्लीहून विमान, असा माझा प्रवास होता. माझी थोरली बहीण सुशीलाआक्का भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती. आई तर आम्ही लहान असतानाच गेली होती. आप्पांच्या भुवयांवर, कानांवर दगडाचा करडा भुगा बसलेला. माझ्या नव्या शर्टाला डाग लागतील म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही. गाडी आली तसे दोन्ही हात अंगापासून लांब धरून म्हणाले, "पत्र टाकत जा, आनंदा. अन् हिरीची काळजी करू नको. तिचं म्या बघतो."

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांसाठी हे लिहायचं म्हटलं, तर त्या विहिरीपासूनच लिहावं लागेल.

मोठ्या दुष्काळात आम्ही सगळ्यांनी सरकारी कामावर खडी फोडली. दोनेक वर्षांनी वस्तीतल्या सात बौद्ध कुटुंबांना गायरानाची एक पट्टी मिळाली. जमीन मिळाली, पण पाण्याचा थेंब नव्हता. सातही घरांनी मिळून सोसायटी केली आणि सामायिक विहीर खांदायची ठरवली. आप्पांचा जन्म विहिरी फोडण्यात गेला होता. सुरुंग कुठं भरायचा, पहार कुठं लावायची हे त्यांना दगडावर हात फिरवून कळायचं. पण त्या सगळ्या विहिरी दुसऱ्यांच्या. ही पहिलीच स्वतःची होणार होती.

जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्यानं ओढ्याकाठची जागा दाखवली. मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीला आलो आणि माझ्या अर्ध्या विद्येची घमेंड बाहेर पडली. ओढ्याच्या दरडीत गेरूसारखा तांबडा मातीचा थर दिसत होता. मी सगळ्यांना जमवून सांगितलं की या थरावर पाणी अडतं, तो असाच आपल्या पट्टीखाली गेलेला आहे, चाळीस फुटांवर सापडेल. पाणाड्याला काय कळतंय, असंही बोललो. लोक कुरकुरले. आप्पा उठून उभे राहिले. "माझं पोरगं दगडाचंच शिकतंय. ते म्हणंल तिथं खांदू." तिथंच पहिली कुदळ पडली.

वर मुरूम लागला, मग मऊ खडक लागला. चाळीस फुटांवर तांबडा थर काही आला नाही, काळा पाषाण लागला. मला परदेशी शिकायची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा विहीर पंचेचाळीस फुटांवर कोरडी होती. मी जात नाही म्हणालो, तर आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गावाच्या भाषेत मी 'रशियाला' गेलो. खरं तर मी फ्रुंझेला होतो, किरगिझियात. आता त्या शहराला बिश्केक म्हणतात. वसतिगृहाच्या खिडकीतून दक्षिणेला तिएनशानचे बर्फाचे डोंगर दिसत. पहिलं वर्ष भाषा शिकण्यात गेलं. 'चाय' हा शब्द तेवढा पहिल्या दिवशीच समजला. लेपोश्का नावाची जाड भाकर मी आक्कानं दिलेल्या चटणीबरोबर खायचो, चटणी संपेपर्यंत.

गालिना इवानोव्ना या आमच्या प्राध्यापिका. जाड भिंगांचा चष्मा, माझ्याशी बोलताना सावकाश बोलायच्या. त्यांनी मला डोंगरातल्या जुन्या लाव्हाच्या खडकांचं काम दिलं. उन्हाळ्यात वर जाऊन नमुने आणायचे, हिवाळ्यात ते कुटून पीठ करायचं, आम्लात विरघळवायचं आणि त्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते मोजायचं. त्या प्रमाणावरून खडकाचा जन्म कळतो, समुद्रतळाशी झाला की एखाद्या ज्वालामुखीच्या बेटावर. तिथं एके काळी समुद्र होता. दोन्हीकडच्या भूमी सरकत सरकत एकमेकींना भिडल्या, मधला समुद्र मिटला, आणि त्याचा तळ चुरगळून डोंगरावर चढला. समुद्राच्या तळावर उभं राहून मी बर्फ झाडायचो.

हे मी घरी लिहिलं. महिन्या-दीड महिन्यानं आक्काच्या अक्षरात उत्तर आलं. आक्का सातवीपर्यंत शिकलेली, नवऱ्यानं टाकल्यावर घरी परतलेली. आप्पा सांगायचे आणि ती लिहायची. पत्रात होतं, 'आप्पा विचारतात, एवढ्या मोठ्या समुद्राचं पाणी कुठं गेलं?' मी ते पत्र गालिना इवानोव्नांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हा प्रश्न विचारणारा माणूस आपल्यातलाच आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात ते पत्र आलं. 'विहिरीला पाणी लागलं. गोड पाणी आहे. हरभरा पेरलाय.' मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत सुटलो. त्या दिवशी कुणीतरी केक आणला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, एवढं की मी आजारी पडलो आणि तीन दिवस नुसता झोपून होतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दरीत आम्ही नकाशा काढत होतो. लाव्हाच्या दोन थरांमधली मातीची पट्टी मी पकडून चाललो होतो. दोनशे पावलांवर ती बारीक होत होत संपली. वरचा खालचा खडक एकमेकांना चिकटला. मी तिथंच बसलो. आमच्या ओढ्यातला तांबडा थर असाच मध्ये कुठंतरी संपला होता. विहिरीखाली तो नव्हताच. मग पाणी आलं कुठून? विद्या सांगत होती की तिथं पाणी असणं अवघड आहे, आणि पत्र सांगत होतं की आहे. मी पत्रावर विश्वास ठेवला. तरी खात्रीसाठी लिहिलं, किती फुटांवर लागलं, कोणत्या दगडात? उत्तर आलं, मेथी लावलीय, शेजारच्या वस्तीतल्या बाया कळश्या घेऊन येतात. दगडाचं काही नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही.

आप्पा गेल्याची तार आली तेव्हा मी डोंगरावर होतो. तार वसतिगृहात एकोणीस दिवस पडून होती. खाली आलो तर दारावरच्या बाईनं ती माझ्या हातात दिली, इंग्रजी असल्यानं तिला वाचता आली नव्हती. आता जाऊनही काही उपयोग नव्हता, आणि कागदपत्रं, तिकीट यांनाच महिने लागले असते. गालिना इवानोव्ना येऊन बसल्या. चाय केली. जाताना माझ्या बुटांवरची माती त्यांनीच ओल्या फडक्यानं पुसली.

आप्पा गेल्यावर दोन वर्षांनी, शिक्षण संपवून मी गावी गेलो. आक्काला म्हणालो, मला विहीर दाखव. ती टाळत राहिली. चौथ्या दिवशी मी एकटाच निघालो, तशी ती मागून आली.

विहीर कोरडी होती. तळाशी काळा पाषाण, त्यावर सुरुंगाच्या खुणा, एका कोपऱ्यात बाभळीची वाळकी फांदी पडलेली. ती पंचेचाळीस फुटांपेक्षा बरीच खोल होती. हरभरा, मेथी कशाचाच मागमूस त्या पट्टीवर नव्हता.

आक्का काठावर बसली. "त्यांनी सांगितलं तसं म्या लिवलं. तुला कळलं तर शिक्षण टाकून यील, म्हणायचे."

मी विचारलं की मग एवढी खोल कशी गेली.

"बाकीची घरं कट्टाळून गेली, कुणी उसाला, कुणी पुण्याला. पाण्याचं लिवल्यापासनं आप्पांना चैन न्हवतं. म्हणायचे, सुशे, पोराला खोटं लिवलंय, आता ते खरं करायला पायजे. एकटेच उतरायचे. वरून टोपली म्या वढायची." तिनं तळवे माझ्यापुढं धरले. दोराचे घट्टे अजून होते. "पावसाळ्यात छाती भरली. आठ दिवसांत गेले. शेवटपर्यंत म्हणत व्हते, अजून दोन हात गेलो की लागतंय."

मी तिचे तळवे धरले आणि मला रडूही आलं नाही. ते नंतर आलं, फ्रुंझेच्या भाजीबाजारात, काही कारण नसताना.

वस्तीत राहिलेल्या तीन घरांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. आप्पांबरोबर पहार चालवलेले नामदेवकाका आले आणि म्हणाले, "आता तर पुरा शिकून आलास. दाव एखादी जागा." मी दोन दिवस हातोडी घेऊन रान फिरलो. मला एक जागा दिसत होती, पट्टीच्या खालच्या अंगाला, पाणाड्याच्या जागेपासून फार लांब नव्हे. पण तोंड उघडेना. पुन्हा चुकलो तर, एवढंच डोक्यात होतं. मी काकांना सांगितलं की यंत्राशिवाय सांगता येत नाही. ते म्हणाले, बरं, चल जेवायला.

मी परत फ्रुंझेला गेलो. नोकरी तिथंच मिळाली, लग्न तिथंच केलं. दोन उन्हाळ्यांनी सरकारी बोअरची गाडी वस्तीवर आली आणि पाणी लागलं. आक्काच्या पत्रातल्या खुणांवरून मी जागा ओळखली. मी मनात धरलेल्या ठिकाणापासून ती दहा पावलांवर होती. मी तोंड उघडलं असतं तर वस्तीतल्या बायकांना दोन उन्हाळे डोक्यावर पाणी वाहावं लागलं नसतं. हे मी आक्काला कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

आता मी निवृत्त आहे. माझ्या मुलीला मराठीतला 'आत्या' एवढाच शब्द येतो, आणि तो ती फोनवर आक्काला फार प्रेमानं म्हणते. आक्का आता बागायतीचं सांगते, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. दरवेळी विचारते, कधी येतोस. मी म्हणतो, येतो. चार-पाच वर्षांतून एकदा जातो, पंधरा दिवस राहतो. तिथं सगळे मला जेवायला बोलावतात, अजूनही 'साहेब' न म्हणता आनंदा म्हणतात, आणि विहिरीचा विषय कुणीच काढत नाही.

गाव सोडून गेलेले पुष्कळ जण लिहितात की घर म्हणजे जिथं आपल्याला माफ करतात ती जागा. माझं तसं नाही. मला माफ करायला आधी कुणी माझा दोष तरी धरायला हवा होता. तो कुणी धरलाच नाही, आप्पांनी तर नाहीच. नामदेवकाका त्या दिवशी 'चल जेवायला' म्हणायच्या ऐवजी माझ्यावर नुसते ओरडले असते, तर मला वाटतं, मी तिथंच राहिलो असतो.