आवडीचा शेवटचा शॉट

तुडीलचा हर्षद लग्नांचं शूटिंग करून पोट भरायचा, पण डोक्यात सिनेमा. आणि सिनेमा म्हणजे एकच दिग्दर्शक. त्याचं नाव घेताना पठ्ठ्या कानाच्या पाळीला हात लावायचा. हा दिग्दर्शक माणसं पाठीमागून दाखवायचा. चालणारी पाठ, वाकलेली मान, राबणारे हात. चेहरा अगदी शेवटच्या शॉटला. "तोंड नाटक करतं, पाठ नाय करत," हर्षद ज्याला त्याला सांगायचा.

हे खूळ त्याने लग्नांतही नेलं. महाडच्या एका नवरीच्या बापाने व्हिडिओ बघून विचारलं, "माझी पोर कुठाय यात? नुसता अंबाडा दिसतोय!" तेव्हापासून लग्नात तो मुकाट्याने चेहरे टिपू लागला. स्वतःच्या सिनेमात मात्र माघार नाही.

सिनेमा होता त्याच्या आईवर, आवडीवर. तीन वर्षं तो तिच्या मागे फिरला. शेतातली भातरोपांची आवणी, लाकडाची मोळी, सावित्री नदीवर धुणं. दर वेळी ती तोंड धुऊन, कुंकू नीट करून यायची आणि दर वेळी तिची पाठच निघायची.

"तुझ्या त्या डायरेक्टरला आय नव्हती काय रे?" ती चिडवायची.

"तुझं तोंड शेवटी, आये. त्याच्यासाठीच तर सगळा सिनेमा हाय."

तिला ते पटलं. पटलं कसलं, ती ते मिरवू लागली. कुणी मोबाईल रोखला की पदर तोंडावर ओढून म्हणायची, "नको गो बाय, माझं तोंड माझा हर्षद काढणार हाय." त्या शॉटसाठी तिने हिरवी साडी पेटीत जपून ठेवली होती. भातकापणी झाली की खळ्यावर तो घ्यायचा, असं ठरलं होतं.

कापणीच्या तोंडावरच तिच्या छातीत कळ आली. महाडला नेईपर्यंत आवडी गेली. हिरवी साडी पेटीतून निघाली ती तिला शेवटची नेसवायला.

बाराव्याला फोटो लागणार, म्हणून बाप, सोनबा, म्हणाला, "तुझ्याकडं आसंल की चांगलासा." नाही म्हटल्यावर तो रागावलासुद्धा नाही. "येवढी वर्सं तिच्या मागं मागं फिरलास रे," एवढंच बोलला आणि आत गेला. हार घातला गेला तो आधार कार्डावरून मोठा केलेल्या धुरकट फोटोला. ती बाई आवडी वाटतच नव्हती. हर्षदला त्या फोटोपुढे बसवेना.

पाहुणे गेल्यावर त्याने सगळं चित्रण लावलं. कुठे चुकून तरी ती वळली असेल, या आशेने. वळली होती. मोळी उतरवताना, आवणीत कंबर सरळ करताना तिची मान हळूच फिरू लागायची, गालाची कड आणि कानातली कुडी दिसायची. लगेच कॅमेऱ्यामागून त्याचाच आवाज यायचा, "आये, मागं बघू नको गो!" आणि ती शहाण्या पोरीसारखी पुन्हा पुढे बघायची.