ज्यांच्यासाठी ड्युटी माफ होती

कोलोनमध्ये कपडे आयात करणाऱ्या एका कंपनीत मी खरेदी विभागात होते. बांगलादेशचं काम माझ्याकडे होतं. सगळ्यात गरीब देशांच्या मालावर युरोपात ड्युटी, म्हणजे आयात कर, लागत नाही, त्यामुळे ढाक्यात शिवलेला शर्ट बिनड्युटीचा यायचा आणि तसाच भारतात शिवलेला ड्युटी भरून. माझं माहेर इचलकरंजीचं, वडिलांचे स्वतःचे माग. "आमच्या पोटावर पाय देऊन तिकडे ऑर्डरी देतेस," ते फोनवर म्हणायचे. मी म्हणायचे, "बाबा, ते लोक कापड तुमच्याकडूनच घेतात की!"

एका वसंतात ढाक्याच्या कारखान्याची मालकीण स्वतः नमुने घेऊन आली. माझ्याच वयाची, चाळिशीतली. शिवणाऱ्या बायकांचे पगार वाढवलेत, म्हणून दर थोडा वाढवून द्या, असं तिनं माझ्या साहेबांना सांगितलं.

साहेब हसले. "हे बघा, तुम्हाला ड्युटी माफच आहे. उलट दर कमी करा."

"माफी आमच्या देशाला आहे," ती शांतपणे म्हणाली. "ती दरवर्षी तुमच्या खिशात जाते. मी दर उतरवणार नाही."

दुपारी मी प्रोटोकॉल, म्हणजे बैठकीचं टिपण, लिहायला घेतलं. साहेब मागे येऊन उभे राहिले. "लिही, कारखान्यानं दर कमी करायची तयारी दाखवली."

"ती नाही म्हणाली."

"वरच्या लोकांना ते कशाला कळायला हवं?"

मी मागे वळून म्हणाले, "मग तुमच्या नावानं तुम्ही लिहा. माझ्या नावानं ती बोलली तेच जाईल." आणि त्यांच्यासमोरच मी टिपण सगळ्यांना पाठवून दिलं, तिच्या प्रत्येक वाक्यासकट.

आठवड्याभरात बांगलादेश माझ्याकडून काढून घेतला. मला मोज्यांचं काम दिलं. ढाक्याची ऑर्डर निम्मी झाली.

"आपा, दर नाही उतरवला," तिनं फोनवर हिंदीत सांगितलं. "शिलाईच्या दोन लायनी बंद ठेवल्यात. डेन्मार्कच्या एका दुकानाशी बोलणं चाललंय." आवाज थकलेला होता, नरमलेला नव्हता.

मोज्यांवर मी तीन वर्षं काढली. त्या काळात साहेबांनी मला एकदाही टिपण लिहायला सांगितलं नाही. ते स्वतःच लिहीत बसायचे.