कोन्याकूची खोली

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या मोठ्या कंपन्यांच्या मागे, पत्र्याच्या छपराचं एक छोटं युनिट होतं. तिथे मी जवळजवळ तीन वर्षं कोन्याकू बनवला. नव्वदचं दशक नुकतं मध्यावर आलं होतं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जपानी जेवण मिळायला लागलं होतं आणि त्या मुदपाकखान्यांना हा पदार्थ ताजा लागायचा. कोन्याकू म्हणजे सुरणाच्या जातीच्या एका कंदाच्या पिठाची घट्ट, राखाडी वडी. तिला स्वतःची चव जवळपास नसते. चावली की रबरासारखी दाताखाली परत येते. आमच्या शेठना कुणा ओळखीच्याकडून ही कल्पना मिळाली, त्यांनी पीठ मागवलं, आणि शिकवायला जपानहून एक म्हातारे गृहस्थ महिनाभरासाठी आणले.

मी तेव्हा बावीस वर्षांची, बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली. पेणजवळच्या जित्याहून सकाळच्या पॅसेंजरने रोह्याला यायची. शिकण्यासाठी माझी निवड झाली ती चुन्यामुळे. चुन्याच्या निवळीनेच हे पीठ घट्ट होतं, आणि त्या निवळीचं माप ज्याला कळेल असं माणूस शेठना हवं होतं.

जपानी आजोबांना मराठी येत नव्हतं, मला जपानी. ते माझं मनगट धरून घोटणं शिकवायचे. कोमट पाण्यात पीठ हळूहळू सोडायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, मग तासभर फुगायला ठेवायचं. खरी परीक्षा त्यानंतर. निवळी ओतली की एवढा वेळ एकजीव असलेला गोळा फुटतो. दाणे दाणे होतात, पाणी सुटतं, मासळीसारखा वास येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं नासलं. तिथे हात थांबवायचा नाही. घोटत राहिलं की तो पुन्हा जुळून येतो. किती घोटायचं हे हवेवर असतं, पिठावर असतं. कागदावर ते लिहिता आलं नाही.

त्याच महिन्यात पॅकिंगच्या बायकांनी एक दिवस शेवळं आणली, पावसाच्या तोंडावर रानात उगवणारी भाजी. आजोबांनी ती जांभळट कणसं उलटसुलट करून पाहिली, हुंगली आणि पिठाच्या पोत्याकडे बोट दाखवलं. म्हणजे दोन्ही एकाच कुळातली. बायकांनी काकडं ही आंबट रानफळं घालून केलेली भाजी त्यांनी दोनदा वाढून घेतली. त्या युनिटमधला मोकळेपणाने हसण्याचा दिवस म्हटला तर मला तोच आठवतो.

आजोबा जपानला परत गेले आणि शेठनी मला ऑफिसात बोलावलं. टाइप केलेला कागद पुढे होता. ही रीत परवानगीशिवाय कुणाला शिकवणार नाही, सांगितल्याशिवाय काम सोडणार नाही. मी सही केली. पडताळणीसाठी म्हणून त्यांनी माझी मूळ प्रमाणपत्रं मागितली, ती मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. ती लोखंडी कपाटात गेली आणि तिथेच राहिली.

शेठ वाईट बोलत नसत, हे सांगायला हवं. मला ‘मुली’ अशी हाक मारायचे. दिवाळीला आईसाठी साडी पाठवायचे. पण घोटायच्या खोलीच्या खिडक्यांना त्यांनी पांढरा रंग मारून घेतला, दाराला आतून कडी लावायची सक्ती केली. कुणी बघून रीत चोरेल ही त्यांची भीती. मी एकटी आत, समोर पातेलं, खाली ओली फरशी. चुन्याने बोटांची कातडी सोलायची, त्यावर खोबरेल लावून पुन्हा कामाला लागायचं. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे पत्र्याच्या आवाजावरून ओळखायची. हॉटेलांना माल रोज ताजा हवा, म्हणून मला रजा नाही.

धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला शेठनी जीप दिली. आईला केवढं कौतुक वाटलं. पण ड्रायव्हर उतरलाच नाही. मी पाटावर बसलेल्या बहिणीच्या मागे उभी होते आणि अंगणात इंजिन चालू होतं. पाहुण्यांची पंगत बसायच्या आत मला परत निघावं लागलं. बाबा जीपपर्यंत आले. त्यांनी दार लावून दिलं.

पुढच्या वर्षी पेणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा निघाली. मुलाखतीला मूळ प्रमाणपत्रं हवी होती. मी शेठकडे गेले. त्यांनी कपाट उघडलं, फाइल काढली, धूळ पुसली. मला वाटलं, देतायत. त्यांनी ती परत आत ठेवली.

"तुझ्यासारखं एक माणूस तयार कर," ते म्हणाले, "मग खुशाल ने."

माणूसही त्यांनीच निवडलं. पॅकिंगमधली एक विधवा बाई, चाळिशीची, कमी बोलणारी. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. माहेर धरमतरच्या खाडीकाठचं, मिठागरावर वाढलेली. नवरा इथल्या कंपनीत लागला म्हणून रोह्याला आली आणि तो गेल्यावर इथेच राहिली. शिकलेली नाही, वर कुणी विचारणारं नाही. शेठच्या दृष्टीने सोयीची.

मला जमायला महिने लागले होते, तिला आठ दिवस लागले. पहिल्यांदा गोळा फुटला तेव्हा मी सवयीने म्हणाले, घाबरू नका. ती घाबरलीच नव्हती. मीठ धरतं तेव्हाही पाणी आधी असंच बिघडल्यासारखं दिसतं, म्हणाली, आणि घोटत राहिली. मला तिचा हेवा वाटला, आणि सुटकेचाही आनंद झाला. मग एका दुपारी ती कडी लावायला उठली आणि त्या कडीच्या आवाजासरशी मला कळलं. माझ्या जागी मी हिला कोंडत होते.

मी तिला सगळं सांगितलं. कागद, कपाट, जीप. तिने हात धुतले, पदराला पुसले.

"तुजा कागुद त्याच्या कपाटात हाय गो," ती म्हणाली. "माजा कंचा कागुद हाय?"

मुलाखतीला चार दिवस होते तेव्हा शेठ स्वतः खोलीत आले. हातात तसाच टाइप केलेला कागद आणि शाईचा डबा. पातेल्यातलं पीठ फुगून तयार होतं, निवळी ओतायची वेळ झाली होती. दुपारच्या टेम्पोने माल निघायचा होता. त्यांनी कागद वाचून दाखवला आणि डबा उघडून पुढे धरला.

"अंगठा नाय देनार," मावशी म्हणाली. "काम करीन. दार उघडं ठेवून करीन. नाय पटलं तं उद्यापासून नाय येनार."

एवढं बोलून ती उंबऱ्यावर जाऊन बसली. शेठनी माझ्याकडे पाहिलं. हे मीच शिकवलं असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला म्हणाले, तू ओत. समोर कपाटाची किल्ली त्यांच्या खिशाला लटकलेली दिसत होती. मी एप्रन काढला आणि मावशीशेजारी जाऊन बसले. ते धाडस होतं असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत पुन्हा एकटं उभं राहणं मला त्या क्षणी शक्यच नव्हतं.

शेठनी बाह्या सारून स्वतः निवळी ओतली. दोनचार हात घोटलं. गोळा फुटला, पाणी सुटलं, आणि ते थांबले. नासलं, म्हणाले. नासलं नव्हतं, पण आता नासणार होतं. आम्ही दोघी बघत राहिलो. कोपरापर्यंत चिकट हात घेऊन ते आमच्या मधून बाहेर गेले. त्या दिवशी टेम्पो रिकामा गेला.

दुसऱ्या दिवशी दाराची कडी काढून जाळी बसवली. मावशीला विनाकागद ठेवलं. दोन महिन्यांत तिने आणखी दोघींना शिकवलं आणि तिघी आळीपाळीने रजा घ्यायला लागल्या. मला मात्र शेठनी फाइल लगेच दिली नाही. आज किल्ली घरी राहिली, उद्या बघू, असं करत मुलाखतीचा दिवस गेला. फाइल मिळाली तेव्हा कॉलेजची ती जागा भरलेली होती. तरी मी काम सोडलं.

घरी आल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, वेणी घातली, डबा भरला आणि जिते स्टेशनवर जाऊन उभी राहिले. गाडी आली, गेली, तेव्हा कळलं की मला कुठेच जायचं नाही. परत आले तर बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, उघडला, आणि अर्धी भाकरी मला दिली, अर्धी स्वतः घेतली.

वर्षभर मी घरीच होते. दार आतून लावलेल्या खोलीत मला बसवत नसे. आई आंघोळीच्या मोरीबाहेर पाठ करून उभी राहायची, मी दार नुसतं लोटून घ्यायची. नंतर एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि हळूहळू बंद दाराची ती भीतीही गेली.