तवंदी घाटातली नवी गाडी, ओढ्यातली जुनी

पिरनवाडीचा मष्णू बेळगावच्या दत्तोपंत वकिलांची मोटार बारा वर्षं चालवत होता. १९३८ साली वकिलांनी नवी मोटार घेतली. जुनी विकण्याआधी त्यांनी मष्णूला दोन्ही गाड्या निपाणीपर्यंत पळवून बघायला सांगितलं. तवंदीच्या घाटात जुनीला दोनदा थांबवून पाणी घालावं लागलं. नवी मात्र एका दमात वर चढली.

"मग जुनी विकू या?" वकिलांनी विचारलं.

"घाटात नवीला तोड न्हाय, अण्णा," मष्णू म्हणाला. "पर कल्याणीआक्कांचं काय?"

वकिलांची बहीण कल्याणी नर्स होती. बाळंतपणं करायला ती खेड्यापाड्यांत जायची.

"परवा आक्कास्नी नवीतनं एका बाळंतपणाला घेऊन गेलतो. गाडीचं पोट खाली. ओढ्यातल्या दगडावर बसली. आक्का लुगडं खोचून दोन मैल चालत गेल्या. जुनी उंच हाय, दारापातूर गेली असती."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"बाळ-बाळंतीण सुखरूप हायत, म्हून आक्काच नको म्हणाल्या."

वकिलांनी जुनी गाडी कल्याणीला देऊन टाकली. ती चालवायला मष्णूनंच तिला शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं कुंपण पाडलं, पण दिवाळीनंतर ती एकटीच खेड्यांत जाऊ लागली.